विद्युत् रासायनिक संवेदकांसाठी अब्जांश-संरचित पदार्थ

विद्युत् रासायनिक संवेदकांसाठी अब्जांश-संरचित पदार्थ म्हणजे विद्युत् अग्राच्या पृष्ठभागावर बसवून एखाद्या रासायनिक द्रव्याचे अस्तित्व व प्रमाण विद्युत् संकेताच्या रूपाने ओळखण्यासाठी वापरले जाणारे असे पदार्थ, ज्यांच्या कणांची, नलिकांची, पत्रांची किंवा छिद्रांची किमान एक मिती साधारणपणे १ ते १०० नॅनोमीटर असते. एक नॅनोमीटर म्हणजे मीटरचा एक अब्जांश भाग. सोन्याचे व चांदीचे सूक्ष्मकण, कार्बनी नलिका, ग्राफीन, धातूंची ऑक्साइडे आणि विद्युत् वाहक बहुवारिके ही या पदार्थांची प्रमुख उदाहरणे होत. रक्तातील साखर, पिण्याच्या पाण्यातील शिसे व नायट्रेट, औषधांतील घटक, अन्नातील कीटकनाशके इत्यादींच्या मापनासाठी त्यांचा अभ्यास केला जातो.

संवेदकाचे स्वरूप

विद्युत् रासायनिक संवेदकात रासायनिक बदल आणि विद्युत् यांची सांगड घातलेली असते. प्रयोगशाळेतील नेहमीच्या मांडणीत तीन विद्युत् अग्रे असतात. कार्यकारी अग्रावर शोध्य द्रव्याचे ऑक्सिडीभवन किंवा क्षपण होते, संदर्भ अग्राच्या तुलनेत विद्युत् वर्चस् मोजले जाते आणि साहाय्यक अग्रामुळे मंडल पूर्ण होते. संदर्भ अग्र म्हणून बहुधा चांदी व सिल्व्हर क्लोराइड यांचे अग्र वापरतात. अब्जांश-संरचित पदार्थ बसवायचा तो कार्यकारी अग्रावर.

मापनाच्या पद्धतीवरून संवेदकांचे मुख्यतः तीन प्रकार पडतात. वर्चस्‌मापी संवेदकात प्रवाह जवळजवळ वाहू न देता वर्चस् मोजतात. नेर्न्स्ट यांच्या समीकरणानुसार, २५ अंश सेल्सिअस तापमानाला एकसंयुजी आयनाची संहती दहा पटींनी बदलल्यास वर्चस् सुमारे ५९ मिलिव्होल्टने बदलते. प्रवाहमापी संवेदकात ठरावीक किंवा क्रमाने बदलणारे वर्चस् देऊन प्रवाह मोजतात. प्रवाह संहतीच्या प्रमाणात असल्याने द्रव्याचे प्रमाण कळते. संरोधमापी संवेदकात अग्राच्या पृष्ठभागावर रेणू बसल्यामुळे प्रत्यावर्ती प्रवाहाला होणाऱ्या विरोधातील बदल पाहतात.

घरगुती गॅसची गळती ओळखणारे टिन ऑक्साइडाचे वायुसंवेदक अनेकदा याच वर्गात मोजले जातात, पण ते वस्तुतः रोधमापी आहेत. त्यांत तापवलेल्या ऑक्साइडाचा विद्युत् रोध बदलतो, विद्रावातील अग्रक्रिया होत नाही. दोहोंमध्ये वापरले जाणारे पदार्थ मात्र पुष्कळदा सारखेच असतात.

इतिहास

या क्षेत्राच्या दोन शाखा स्वतंत्रपणे वाढल्या आणि विसाव्या शतकाच्या शेवटी एकत्र आल्या. पहिली शाखा विद्युत् रासायनिक विश्लेषणाची. यारोस्लाव्ह हेरॉव्हस्की यांनी १९२२ मध्ये पाऱ्याच्या थेंबांचे अग्र वापरून ध्रुवणलेखन पद्धती शोधली. त्यासाठी त्यांना १९५९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. लेलंड क्लार्क यांनी १९५६ मध्ये ऑक्सिजन मोजणारे अग्र प्रसिद्ध केले. १९६२ मध्ये क्लार्क व लायन्स यांनी त्यावर ग्लुकोज ऑक्सिडेज हे एंझाइम बसवण्याची कल्पना मांडली. मधुमेही रुग्ण घरी वापरतात त्या ग्लुकोजमापकाचे मूळ येथे आहे.

दुसरी शाखा सूक्ष्मकणांची. मायकेल फॅराडे यांनी १८५७ मध्ये सोन्याच्या कलिल विद्रावाच्या तांबड्या रंगाचा संबंध कणांच्या सूक्ष्म आकाराशी जोडला. १९५१ मध्ये जॉन टर्केविच व सहकाऱ्यांनी सायट्रेटच्या साहाय्याने सुवर्णकण तयार करण्याची पद्धत अभ्यासली. ती आजही महाविद्यालयीन प्रयोगशाळांत वापरली जाते. सुमिओ इजिमा यांनी १९९१ मध्ये कार्बनी नलिकांचे वर्णन प्रसिद्ध केले. १९९६ मध्ये अशा नलिकांचे अग्र वापरून डोपामिनचे ऑक्सिडीभवन अभ्यासण्यात आले. आंद्रे गाइम व कॉन्स्टंटिन नोव्होसेलोव्ह यांनी २००४ मध्ये ग्राफीन वेगळे केले, आणि त्यानंतर द्विमितीय पदार्थांवरील संवेदकांचे संशोधन झपाट्याने वाढले.

अब्जांश रचनेचे परिणाम

पृष्ठफळ : एक सेंटीमीटर बाजू असलेल्या घनाचे पृष्ठफळ ६ चौरस सेंटीमीटर असते. तोच घन १० नॅनोमीटर बाजूच्या छोट्या घनांत विभागला, तर एकूण पृष्ठफळ ६०० चौरस मीटर, म्हणजे सुमारे सहा गुंठे होते. आकारमान तेच राहून पृष्ठफळ दहा लाख पटींनी वाढते. क्रिया पृष्ठभागावर होत असल्याने तिच्यासाठी उपलब्ध जागा वाढते.

उत्प्रेरण : सूक्ष्मकणांच्या कडांवर व कोपऱ्यांवर असलेल्या अणूंचे शेजारी अणू कमी असतात, त्यामुळे ते रेणूंशी अधिक सहजपणे बंध जुळवतात. मंद गतीने होणारी क्रिया अशा ठिकाणी कमी वर्चसाला घडू शकते. याचा लाभ दुहेरी असतो. संकेत वाढतो आणि जास्त वर्चसाला जी इतर द्रव्ये क्रियेत भाग घेतील ती बाजूला राहतात.

आधार : एंझाइम, प्रतिपिंड किंवा डीएनएचा तुकडा अग्रावर टिकवून ठेवण्यासाठी सूक्ष्मकण आधार देतात. सोने व गंधकयुक्त गट यांच्यातील बळकट बंध यासाठी विशेष उपयोगी पडतो.

या लाभांना मर्यादाही आहे. क्रिया मुळातच वेगवान असेल, तर प्रवाह हा विद्रावातून अग्रापर्यंत येणाऱ्या रेणूंच्या विसरणावर अवलंबून असतो. विसरणाच्या थराची जाडी सामान्यतः काही दशक मायक्रोमीटर असते. तिच्यापुढे नॅनोमीटरचे उंचवटे नगण्य ठरतात आणि अग्र जणू सपाट असल्याप्रमाणेच वागते. दुसरीकडे, पृष्ठफळाबरोबर विद्युत् द्विस्तराचा भारणप्रवाह मात्र वाढतच जातो. हा प्रवाह शोध्य द्रव्याविषयी काहीही सांगत नाही, उलट संकेत झाकोळून टाकतो. म्हणून पृष्ठफळ वाढले की संवेदक सुधारलाच, असे समीकरण मांडता येत नाही.

प्रमुख पदार्थ

धातूंचे सूक्ष्मकण : सोने, चांदी, प्लॅटिनम, पॅलेडियम, तांबे व बिस्मथ हे धातू वापरले जातात. शिसे, कॅडमियम यांसारख्या जड धातूंच्या मापनासाठी पूर्वी पाऱ्याचे अग्र सर्वोत्तम मानले जाई. पारा विषारी असल्याने पर्यायाचा शोध सुरू होता. २००० मध्ये जोसेफ वांग व सहकाऱ्यांनी कार्बनी अग्रावर बिस्मथचे पटल वापरता येते हे दाखवले.

कार्बनी पदार्थ : कार्बनी नलिका, ग्राफीन ऑक्साइड, क्षपित ग्राफीन ऑक्साइड व सच्छिद्र कार्बन हे स्वस्त असून विस्तृत वर्चस्-कक्षेत टिकतात. डोपामिन, ॲस्कॉर्बिक अम्ल व यूरिक अम्ल यांचे संकेत साध्या कार्बनी अग्रावर एकमेकांत मिसळतात, योग्य रीतीने सुधारलेल्या अग्रावर मात्र ते वेगळे करता येतात.

धातूंची ऑक्साइडे : तांबे, निकेल, कोबाल्ट व जस्त यांची ऑक्साइडे एंझाइमाशिवाय ग्लुकोज ओळखण्यासाठी अभ्यासली गेली आहेत. तांबे व निकेल यांच्या ऑक्साइडांवरील ही क्रिया तीव्र अल्कधर्मी विद्रावात नीट चालते, तर रक्ताचा पीएच ७.४ च्या आसपास असतो. त्यामुळे प्रयोगशाळेतील उत्तम निष्कर्ष रक्ताच्या थेंबाला थेट लागू पडत नाहीत.

वाहक बहुवारिके : पॉलिॲनिलीन व पॉलिपायरोल ही बहुवारिके अग्रावर विद्युत् मार्गाने थेट वाढवता येतात. त्यांच्या साखळीला धातूंचे आयन पकडणारे गट जोडता येतात.

जैविक पदार्थ : अग्रावर वनस्पतींच्या ऊती वापरण्याचेही प्रयोग झाले आहेत. १९८८ मध्ये केळीच्या गराचे व कार्बनच्या लगद्याचे मिश्रण करून डोपामिन ओळखणारे अग्र तयार करण्यात आले. कापलेले केळे काळे पाडणारे पॉलिफिनॉल ऑक्सिडेज हे एंझाइमच त्यात कामी आले. हे अग्र अब्जांश-संरचित नव्हते, पण एंझाइम शुद्ध करण्याचा खर्च टाळण्याची ती युक्ती पुढील संशोधकांना मार्गदर्शक ठरली.

निर्मिती व परीक्षण

रासायनिक क्षपण, सहअवक्षेपण, सोल-जेल, दाबाखालील उष्णजलीय पद्धती व विद्युत् निक्षेपण या निर्मितीच्या प्रचलित पद्धती आहेत. वनस्पतींच्या अर्काने धातूंच्या क्षारांचे क्षपण करण्याच्या पद्धतीला हरित संश्लेषण म्हणतात. तीत महागड्या उपकरणांची गरज नसल्याने ग्रामीण महाविद्यालयांत ती लोकप्रिय आहे. मात्र अर्कातील सेंद्रिय रेणू कणांभोवती वेष्टनासारखे राहतात व इलेक्ट्रॉनांच्या वहनाला अडथळा करू शकतात. शिवाय पानांची जात, ऋतू आणि जमीन यांनुसार अर्क बदलत असल्याने प्रत्येक वेळी तेच कण मिळतील याची हमी नसते.

तयार चूर्ण द्रवात मिसळून, त्याचा मोजका थेंब काचसदृश कार्बनच्या अग्रावर टाकून वाळवणे, ही ते बसवण्याची सर्वांत सोपी रीत. वाळताना कण थेंबाच्या कडेला गोळा होतात, त्यामुळे थर असमान होतो. कार्बनच्या लगद्यात चूर्ण मिसळणे, अग्रावरच पदार्थ निक्षेपित करणे किंवा जाळीतून शाई छापून पट्ट्या तयार करणे हे त्यावरील पर्याय आहेत. छापील पट्ट्या मोठ्या संख्येने व एकसारख्या करता येतात, म्हणून बाजारातील ग्लुकोजमापकांत पट्ट्याच वापरतात.

पदार्थाची स्फटिकरचना क्ष-किरण विवर्तनाने आणि आकार इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने तपासतात. अग्राचे वर्तन चक्रीय व्होल्टमितीने व संरोधमापनाने पाहतात.

अभिकल्पाची दिशा

संवेदकाचा अभिकल्प पदार्थापासून सुरू करावा की गरजेपासून, हा या क्षेत्रातील कळीचा प्रश्न आहे. पिण्याच्या पाण्यासाठीच्या भारतीय मानकातील दोन मर्यादांची तुलना केली असता तो स्पष्ट होतो. शिशाची मर्यादा दर लिटरला ०.०१ मिलिग्रॅम आहे. ही संहती सुमारे ४८ नॅनोमोल प्रति लिटर होते. नायट्रेटची मर्यादा दर लिटरला ४५ मिलिग्रॅम, म्हणजे सुमारे ०.७३ मिलिमोल आहे. रेणूंच्या संख्येचा विचार करता नायट्रेटची मर्यादा शिशाच्या सुमारे १५ हजार पट आहे.

शिशासाठी अतिशय कमी संहती ओळखण्याची क्षमता आवश्यक असते. त्यासाठी संचयन-विलेपन पद्धती वापरतात. प्रथम काही मिनिटे ऋण वर्चस् देऊन पाण्यातील शिसे अग्रावर साठवतात, मग वर्चस् धन दिशेने नेऊन ते एकदम विरघळवतात. साठवलेले सर्व शिसे थोड्या वेळात बाहेर पडत असल्याने संकेत मोठा मिळतो. बिस्मथसारख्या धातूचे पटल किंवा आयन पकडणारे बहुवारिक येथे खरोखर उपयोगी पडते.

नायट्रेटच्या बाबतीत संहती पुरेशी असते. अडचण असते ती निवडकपणाची. तांब्याच्या अब्जांश-संरचित अग्रावर नायट्रेटचे क्षपण होते, पण त्याच वर्चस्-कक्षेत पाण्यात विरघळलेल्या ऑक्सिजनचेही क्षपण होते आणि क्लोराइड तांब्याच्या पृष्ठभागावर परिणाम करते. येथे ओळखमर्यादा आणखी खाली नेण्याने वापरणाऱ्याला काही मिळत नाही. विहिरीच्या खऱ्या पाण्यात, क्लोराइड असताना, तीच पट्टी पन्नासाव्या वेळीही तेच उत्तर देते की नाही, हे महत्त्वाचे ठरते.

महाराष्ट्रातील संशोधन

पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत मुरली शास्त्री व सहकाऱ्यांनी वनस्पती व बुरशी यांच्या साहाय्याने सोन्याचे व चांदीचे सूक्ष्मकण तयार करण्याविषयी केलेले काम जगभर उद्धृत केले जाते. गवती चहाच्या अर्कापासून त्रिकोणी सुवर्णपत्रे मिळवल्याचा त्यांचा शोधनिबंध २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. देशातील हरित संश्लेषणाच्या संशोधनाला त्यातून मोठी चालना मिळाली. केंद्र सरकारच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाने २००७ मध्ये सुरू केलेल्या नॅनो मिशनमुळे या क्षेत्राला निधी उपलब्ध झाला.

मुंबई विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागात कार्बनी नलिकांच्या लगद्याचे अग्र वापरून पॅरासिटामॉल, ॲस्पिरिन व कॅफीन यांचे एकाच वेळी मापन करण्यात आले. हे काम २०१० मध्ये प्रसिद्ध झाले. छत्रपती संभाजीनगर (औरंगाबाद) येथील डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र विभागात प्रगत संवेदक तंत्रज्ञानाचे केंद्र आहे. तेथील संशोधकांनी पॉलिॲनिलीन व एकभित्ती कार्बनी नलिका यांच्या संमिश्राला ईडीटीए जोडून तांबे, शिसे व पारा यांचे आयन ओळखणारे अग्र २०१८ मध्ये मांडले. ईडीटीए धातूंच्या आयनांना चिमट्यासारखे धरते, आणि नलिका विद्युत् वहन सांभाळतात. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात रासायनिक मार्गाने पातळ पटले तयार करण्याची परंपरा आहे. निर्वात कक्षाशिवाय, साध्या काचपात्रांत चालणाऱ्या या पद्धती राज्यातील अनेक लहान महाविद्यालयांपर्यंत पोचल्या.

खानदेशात अमळनेर येथील प्रताप महाविद्यालयाच्या भौतिकशास्त्र विभागात टिन ऑक्साइड, झिंक ऑक्साइड इत्यादींच्या जाड पटलांच्या वायुसंवेदकांवर दीर्घकाळ काम झाले. हे संवेदक रोधमापी असले, तरी पदार्थनिर्मितीचे व परीक्षणाचे कौशल्य त्यातून या भागात रुजले. जळगाव येथील कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाची स्थापना १५ ऑगस्ट १९९० रोजी झाली. जळगाव, धुळे व नंदुरबार जिल्ह्यांतील महाविद्यालये त्याला संलग्न असून पिंपळनेर येथील विज्ञान महाविद्यालयही त्यांपैकी एक आहे.

खानदेशातील पाणी व संवेदकांची गरज

पिंपळनेर हे धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातील पांझरा नदीकाठचे बाजारपेठेचे गाव आहे. नदीवर गावाच्या वरच्या अंगाला लाटीपाडा धरण आहे. पुढे धुळे शहरातून वाहत जाऊन पांझरा तापीला मिळते. या परिसराचा खडक दख्खनचा बेसाल्ट असून साक्री-धुळे भागात त्यात भित्तिखडकांच्या अनेक रांगा आढळतात. बेसाल्टात पाणी भेगांमध्ये व झिजलेल्या थरांत साठते. त्यामुळे शेजारशेजारच्या दोन विहिरींच्या पाण्याची गुणवत्ताही वेगळी असू शकते. एका विहिरीच्या तपासणीवरून गावाच्या पाण्याचा निष्कर्ष काढता येत नाही.

नायट्रेट पाण्यात मुख्यतः नत्रयुक्त खते, जनावरांचे मलमूत्र व सांडपाणी यांतून येते. त्याला रंग, वास किंवा चव नसते. पाणी उकळल्याने ते जात नाही, उलट पाण्याची वाफ झाल्याने त्याची संहती किंचित वाढते. नायट्रेटयुक्त पाण्यात कालवलेले दूध लहान अर्भकांना पाजल्यास रक्ताची ऑक्सिजन वाहण्याची क्षमता घटते व त्वचा निळसर पडते. तान्ह्या बाळाच्या घरात पाणी उकळून वापरण्याची चांगली सवय येथे पुरेशी ठरत नाही, म्हणून मापनाला पर्याय नाही.

१५ ऑगस्ट २०१९ रोजी घोषित झालेल्या जल जीवन मिशनमध्ये प्रत्येक गावातील पाच महिलांना पाणी तपासणीच्या संचाचे प्रशिक्षण देण्याची तरतूद आहे. या संचांत रंगाची तुलना करून प्रमाण ठरवतात. रंगाचा अंदाज प्रकाशावर व पाहणाऱ्याच्या नजरेवर अवलंबून राहतो. थेट आकडा दाखवणारा, बॅटरीवर चालणारा संवेदक हा त्यावरील स्वाभाविक पर्याय ठरतो.

असा संवेदक येथील हवामानात टिकला पाहिजे. खानदेशात उन्हाळ्यात तापमान ४० अंशांच्या वर जाते. नेर्न्स्ट समीकरणातील उतार २५ अंशांना ५९.२ मिलिव्होल्ट असतो, तो ४० अंशांना सुमारे ६२.१ होतो. तापमानाची दुरुस्ती केली नाही आणि नमुना प्रमाण विद्रावाच्या दहापट संहतीचा असला, तर केवळ उताराच्या या फरकामुळे उत्तरात सुमारे १२ टक्क्यांची चूक येते. मर्यादेच्या आसपासच्या विहिरीबाबत एवढी चूक पिण्यायोग्य व अयोग्य यांतील फरक पुसून टाकू शकते. एंझाइमयुक्त पट्ट्या अशा उष्णतेत लवकर निकामी होतात. येथे निरिंद्रिय अब्जांश-संरचित पदार्थ अधिक टिकाऊ ठरण्याची शक्यता असते.

टीका व मर्यादा

या क्षेत्रात शोधनिबंधांची संख्या मोठी असली, तरी त्यांतून बाजारात आलेली साधने मोजकीच आहेत. सर्वाधिक यशस्वी विद्युत् रासायनिक संवेदक म्हणजे ग्लुकोजमापक. तो १९८७ मध्ये, कार्बनी नलिकांच्या शोधाआधीच, खिशात मावेल अशा रूपात विक्रीस आला होता.

नव्या पदार्थामुळे झालेल्या सुधारणेचे श्रेय नेमके कोणाला, याविषयीही प्रश्न उपस्थित झाले. २००६ मध्ये ऑक्सफर्ड येथील रिचर्ड कॉम्प्टन यांच्या गटाने दाखवले की कार्बनी नलिकांचे काही उत्प्रेरक गुण हे प्रत्यक्षात त्यांत निर्मितीवेळी राहिलेल्या धातूंच्या अंशांचे असतात. सच्छिद्र थरात अडकलेल्या द्रवामुळे संकेताचे स्थान बदलते व ते उत्प्रेरणच असल्याचा भास होतो, हेही पुढे दाखवण्यात आले. २०२० मध्ये मार्टिन पुमेरा व सहकाऱ्यांनी ग्राफीनमध्ये चक्क पक्ष्यांची विष्ठा मिसळली, आणि त्याचीही उत्प्रेरक क्षमता साध्या ग्राफीनपेक्षा वाढल्याचे दाखवले. काहीही मिसळून सुधारणा जाहीर करण्याच्या प्रथेवरची ही उपरोधिक टीका होती. विष्ठेत नत्र, स्फुरद व गंधक असल्याने निष्कर्ष रसायनशास्त्राच्या दृष्टीने मात्र खरा होता.

म्हणून संवेदकाच्या मूल्यमापनात पुढील बाबी तपासल्या जाव्यात असे मानले जाते : पदार्थाविना असलेल्या साध्या अग्राशी तुलना, वेगवेगळ्या वेळी केलेल्या अनेक अग्रांवरील पुनरावृत्ती, शुद्ध विद्रावाऐवजी विहिरीचे, नदीचे किंवा नळाचे पाणी, नमुन्यात माहीत असलेले प्रमाण मिसळून ते परत मिळते का याची खात्री, मान्यताप्राप्त प्रयोगशाळेतील निष्कर्षाशी पडताळा, आणि काही महिन्यांच्या साठवणुकीनंतरचे वर्तन. ओळखमर्यादा सामान्यतः कोऱ्या नमुन्याच्या प्रमाण विचलनाच्या तिप्पट संकेतावरून काढतात. कोऱ्या नमुन्याची मापने पुरेशी नसतील, तर हा आकडा फसवा ठरतो.

पदार्थ वापरल्यानंतर त्यांचे काय होते, हाही प्रश्न आहे. चांदी व तांबे यांचे सूक्ष्मकण जलचरांना अपायकारक ठरू शकतात. पाणी तपासण्यासाठी केलेल्या पट्ट्या पुन्हा त्याच पाण्यात जाऊ नयेत, यासाठी त्या गोळा करून त्यांची विल्हेवाट लावण्याची सोय हा अभिकल्पाचाच एक भाग मानला जातो.